मायनं निवडलेला क्लब

आमचं क्वार्टर यार्डाला इतकं चिकटून होतं की मालगाडीचे डबे जोडताना बसणारा धक्का आधी रुळांना, मग आमच्या भिंतीला आणि शेवटी मायच्या मांडणीवरच्या पितळी पेल्यांना पोचायचा. पेले किणकिणले की माय भाकरी थापता थापता म्हणायची, ‘जोडला डबा.’ दादा पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन होते. सांधे बदलायचे, डबे जोडायचे, तोडायचे, हिरवा-लाल झेंडा दाखवायचा. दादा म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादाच म्हणायचो. त्यांच्या अंगाला कायम वंगणाचा वास यायचा, आणि तो वास दारात आला की माय चुलीवरच्या कढईत करडईचं तेल ओतायची. त्या तेलात लसूण पडला की चर्रकन आवाज व्हायचा. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. घरात तिघंच. मी, माय आणि दादा. मला पुढं भावंडं झाली, पण मी सांगते आहे त्या दिवसांत मी एकटीच होते आणि त्याचा फायदा असा झाला, की मायचं सगळं लक्ष माझ्यावर आणि तोटा असा झाला, की मायचं सगळं लक्ष माझ्यावर.

माय पालमकडच्या एका खेड्यातली. चौथी शिकलेली. माहेरी एसटीनं जायचं आणि एसटीनं यायचं, एवढाच तिचा प्रवास. पूर्णेत सगळ्या दिशांना गाड्या जायच्या, दिवसभर आमच्या खिडकीतून जायच्या, पण तिला त्यांतल्या कुठल्याही गाडीत बसायची हौस नव्हती. मात्र शिट्टीवरून ती गाडी ओळखायची. ‘अकोल्याची आली,’ ‘हैदराबादची आज लेट हाय,’ असं ती घड्याळाकडं न बघता सांगायची, आणि शेजारच्या बायका तिच्या शब्दावर कुकर लावायच्या.

फुटबॉल आमच्याकडं रेल्वेमुळं आला. कॉलनीच्या मागं मोठं मैदान होतं आणि संध्याकाळी तिथं मोठी मुलं, तरुण गँगमन, रेल्वेचे खलाशी, सगळे अनवाणी खेळायचे. मी सात वर्षांची असताना गोलच्या मागं उभी राहायची. बाहेर गेलेला बॉल मी हातानं उचलून द्यायची नाही, पायानंच मारायची. का ते मलाही सांगता येणार नाही. एके दिवशी माझा बॉल थेट मधल्या रेषेपर्यंत गेला. गोलकीपर वळून म्हणाला, ‘अरे, हिला मधी घ्या रे.’ मला मध्ये घेतलं. त्यानंतर मी घरी यायची ती गुडघ्यापर्यंत लाल मातीनं माखून, आणि माय मला मोरीत उभी करून तांब्यानं पाणी ओतत विचारायची, ‘आज किती?’ दोन म्हटलं की ती पाठीवर जरा जोरात घासायची. तेच तिचं शाबासकी देणं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला कॉलनीत लहान मुलांचा सामना झाला. बघायला परभणीच्या क्लबचे सर आले होते आणि नांदेडचे एक म्हातारे गृहस्थ आले होते. माझा खेळ बघून दोघांनीही दादांच्या साहेबांकडं निरोप ठेवला: पोरीला आमच्याकडं पाठवा. दोन्ही क्लब बाहेरगावी सामने खेळायला जायचे. पूर्णा मध्ये आणि ही दोन गावं दोन बाजूंना, गाडीनं दोन्हीकडं सारखाच वेळ. आठ वर्षांच्या पोरीला दोन ठिकाणांहून मागणं आलं म्हणून कॉलनीत हसू झालं. आज आईवडील मोबाईलवर क्लबांचे व्हिडिओ लावून मला विचारतात, ‘मॅडम, यातला कोणता चांगला?’ मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, त्यामुळं हा प्रश्न मला दर जूनमध्ये येतो. तेव्हा आमच्या घरात एकच मोबाईल होता, दादांच्या खिशातला बटणांचा, आणि त्यात व्हिडिओ नव्हते. प्रत्यक्ष जाऊन बघणं एवढाच मार्ग होता.

दादांचं मन आधीच ठरलं होतं. साहेबांचा मुलगा परभणीच्या क्लबात होता. ‘मोठा क्लब हाय. नागपूर, पुण्याला जातेत. कपाट भरलंय कपांनी,’ ते म्हणाले. माय म्हणाली, ‘बघून येऊ.’ ‘तू कशाला?’ ‘पोरगी माझीबी हाय.’ तर रविवारी आम्ही तिघं परभणीला गेलो. मायनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि गाडीत ती खिडकीचे गज घट्ट धरून बसली होती.

मैदान बघून मी जागीच थांबले. हिरवं गवत. पांढऱ्या फक्कीच्या सरळ रेषा. दोन्ही बाजूंना जाळी लावलेले गोल. मुलांच्या अंगात निळे शर्ट, पाठीवर आकडे. सरांनी मलाही एक निळा शर्ट घालायला दिला, तो माझ्या गुडघ्याला टेकत होता. मी खेळले. गवतावर बॉल कसा गुपचूप पळतो हे मला तोवर माहीत नव्हतं. सर दादांना म्हणाले, ‘एक नंबर मुलगी आहे. पुढच्या महिन्यात नागपूरला जातोय, हिला घेऊन जाऊ.’ दादांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. सगळं ठरल्यासारखंच झालं होतं.

माय इतका वेळ पायरीवर पदर सावरून बसली होती. ती उठून आली आणि म्हणाली, ‘सर, इथं पोरी किती हायत?’

‘हिला धरून दोन.’

‘मंग त्या लघवीला कुठं जात्यात?’

दादा आभाळाकडं बघायला लागले. सर जरा हसले. ‘अहो ताई, दोन तासांचा तर प्रश्न. घरूनच जाऊन यायचं.’

‘अन् नागपूरला?’

‘तिथं बघू ना काहीतरी. लहान आहेत अजून.’

‘बरं,’ माय म्हणाली आणि माझ्या अंगातला निळा शर्ट काढून, घडी घालून तिनं सरांच्या हातात दिला. सर वाईट माणूस नव्हते, हे मला आवर्जून लिहायचं आहे. त्यांना तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

परतीच्या गाडीत दादा तापले होते. ‘सरला असलं विचारतेत का कुणी? माझी मान खाली गेली.’

‘मंग काय विचारायचं व्हतं? बॉल कसा मारायचा ते तर तिला येतंय.’

पुढच्या रविवारी नांदेड. दादा नाइलाजानं आले. तिथलं मैदान बघून मला रडूच आलं. गवताची काडी नाही, खडे, एका टोकाला गंजका गोल आणि दुसऱ्या टोकाला दोन विटा. कडुनिंबाखाली शेळ्या. पूर्णेला आलेले ते म्हातारे गृहस्थ म्हणजे करीमचाचा, तरुणपणी हैदराबादेत खेळलेले. गळ्यात शिट्टी होती, पण ते ती वाजवायचे नाहीत, टाळी वाजवायचे. त्यांनी माझं कौतुक वगैरे काही केलं नाही. बॉल माझ्या डाव्या पायापुढं ठेवला आणि म्हणाले, ‘उल्टे पाँव से मार.’ मी मारला, तो शेळ्यांकडं गेला. ‘फिर मार.’ पुन्हा शेळ्यांकडं. तिसऱ्यांदा माझा पाय बॉलला लागलाच नाही आणि मी आपटले. गुडघा फुटला. मी उठून पुन्हा बॉलपाशी गेले तेव्हा चाचा दादांना म्हणाले, ‘हौ. ये रोनेवाली नै.’ मी मघाशी मैदान बघून रडले होते ते त्यांना दिसलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

मैदानाच्या कडेला चाचांचं घर होतं. भिंतीत एक लहान दार, सताड उघडं. एक मुलगी खेळता खेळता पळत आत गेली आणि थोड्या वेळानं तोंड पुसत बाहेर आली. माय ते बघत होती. तेवढ्यात चाची दारात आल्या. ‘बाहर कायकू बैठे? अंदर आव ना, बाई.’ माय आत गेली ती चांगला अर्धा तास बाहेरच आली नाही. दादांचं दोनदा घड्याळ बघून झालं. ती आली तेव्हा तिच्या हातात पातेलं होतं आणि मागं चाची. खेळ संपला की मुलांना खिचडी आणि चिंचेचा खट्टा, म्हणजे आंबट सार, मिळायचा, तो त्या दिवशी मायनंही वाढला.

गाडीत बसल्यावर ती बोलायला लागली. तिला असं सलग बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. ‘आत पोरींसाठी निराळं संडास हाय. आतून कडी हाय. बादली भरलेली हाय. सहा पोरींच्या सहा खुंट्या हायत कपड्याला. बाहेरगावी गेले तर चाची संग जात्यात. म्या विचारलं न्हाई, त्येनीच दाखीवलं.’

‘अन् खेळाचं काय?’ दादा म्हणाले. ‘तो क्लब एक सामना जिंकलेला न्हाई. साहेब काय म्हणतील?’

‘साहेबाच्या घरी पोरगा हाय,’ माय म्हणाली. ‘त्येला झाड चालतंय. माझी पोरगी धा वर्षांची व्हईल, बारा वर्षांची व्हईल. तवा ती लाजून घरी बसली तर तुमचं गवत काय करायचं?’

दादा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चहा प्यायचे, कप ठेवायचे, ड्यूटीवर जायचे. चौथ्या दिवशी त्यांनी ड्यूटीच्या कागदावर बोट ठेवून मला विचारलं, ‘शनिवारची पॅसेंजर किती वाजता जाते नांदेडला?’ त्यांना ती पाठ होती. विचारायची काही गरज नव्हती. ते माझ्याकडं बघत होते, पण बोलत मायशी होते. माय चुलीपासून म्हणाली, ‘अडीचला.’

पहिलं वर्ष आम्ही नुसते हरलो. परभणीच्या त्या हिरव्या गवतावर निळ्या शर्टांकडून पाच गोलांनी हरलो. साहेबांच्या मुलानं मला लांबून हात केला, आणि तो चिडवत नव्हता याचाच मला जास्त राग आला. घरी येऊन मी दप्तर फेकलं. ‘मला त्या क्लबात घाल.’ माय धान्य निवडत होती. सुपातले खडे वेचत म्हणाली, ‘आधी एक गोल कर. मंग बघू.’ तो गोल व्हायला मला आठ महिने लागले. आणि तो डाव्या पायानं झाला. चाचांनी टाळी वाजवली, आणि मी पळत गेले ती मैदानातल्या कुणाकडं नाही, त्या भिंतीतल्या उघड्या दारात उभ्या असलेल्या चाचींकडं. त्यानंतर क्लब बदलायची गोष्ट मी काढली नाही.

असं करत तीन वर्षं गेली. सहाच्या नऊ मुली झालो. आणि मग बारा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यांचं औरंगाबादहून बोलावणं आलं. तेव्हा ते औरंगाबादच होतं. आमचा क्लब मुलींचा वेगळा संघ घेऊन पहिल्यांदाच जाणार होता. जायच्या चार दिवस आधी चाचींच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. ती टाळता येण्यासारखी नव्हती. चाचा त्यांना सोडून येऊ शकत नव्हते. त्यांनी दादांना फोन केला. ‘औरत साथ नै तो बच्चियाँ नै जाते. मेरा उसूल है.’ दादांनी ते मला सांगितलं आणि मी जेवणाचं ताट सरकवलं.

‘मी जाते,’ माय म्हणाली.

दादा हसलेच. ‘तू? परभणीच्या पुढं गेलीस का कधी?’

‘न्हाई गेले. पण गाडी तर जायलीय ना रोज?’

‘तिथं काय करशील? तुला फुटबॉल कळतो का?’

‘पोरी कळतेत,’ ती म्हणाली, आणि माझं ताट माझ्यापुढं परत सरकवलं.

तिनं त्याच रात्री शेजारणीकडून मोठा डबा मागून आणला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, लिंबाचं लोणचं, हळदीची पुडी, जुन्या लुगड्याच्या फाडलेल्या पट्ट्या. औरंगाबादला टेबलावरच्या माणसानं फॉर्मवर विचारलं, ‘टीम मॅनेजर कोण? नाव सांगा.’ मायनं पेन मागून घेतलं आणि स्वतः लिहिलं, गयाबाई. चौथीच्या अक्षरात, एकेक काना ओढत. मागं दुसऱ्या संघांची रांग लागली होती. ती घाईत नव्हती.

पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. खरंच जिंकलो. चाचांनी आम्हांला सगळं आधीच शिकवून ठेवलं होतं आणि आमची कप्तान मैदानात ओरडून ते आठवून द्यायची. माय कडेला उभी राहायची, पदर खोचून, हातात पाण्याची कळशी. तिसरा सामना उपांत्य फेरीचा. मध्यंतराला बरोबरी होती, एक-एक, आमचा गोल माझा. आमची सगळ्यांत चपळ खेळाडू सफिया. आम्ही पाणी पीत होतो तेव्हा माय सफियापुढं उकिडवी बसली आणि तिचा बूट काढायला लागली.

‘काही झालं नाही, खाला,’ सफिया म्हणाली.

‘मंग घोट्याला हात लावू दे.’

हात लावताच सफियानं ओठ आवळले. मायनं तिला उचलून सावलीत नेलं. ‘ही खेळायची न्हाई आता.’

आम्ही सगळ्या तिच्यावर तुटून पडलो. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. ‘तुला काही कळत नाही! फक्त वीस मिनिटं राहिलीत! तीच म्हणतेय ना दुखत नाही!’ मी सगळ्यांसमोर माझ्या आईला म्हणाले, ‘तू उगाच आलीस.’ हे वाक्य लिहायला मला आज बराच वेळ लागला. मायनं पट्टी ओली केली आणि सफियाच्या पायाला गुंडाळायला लागली. सफियाच्या जागी उतरलेली मुलगी नवी होती, घाबरलेली होती. आम्ही एक-दोन असे हरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीच्या गाडीत कुणी मायशी बोलत नव्हतं. जालना गेलं. मी मुद्दाम तिच्यापासून लांब, दारापाशी बसले होते. सफियाचा पाय मायच्या मांडीवर होता. सेलूच्या पुढं मायनं पट्टी सैल करायला सोडली, तेव्हा तो पाय मला दिसला. घोटा दिसतच नव्हता. सुजून, काळानिळा होऊन पाय पोटरीपर्यंत एकसारखा झाला होता. सफिया आता लपवत नव्हती, हळू हळू कण्हत होती. नांदेडला डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हाड चिरलं होतं. त्यावर अजून वीस मिनिटं पळाली असती तर मोडलंच असतं. पण मला डॉक्टरांची गरज राहिली नव्हती. मी उठून मायजवळ गेले. ती म्हणाली, ‘ये. हिच्या पाठीला टेका दे जरा.’ मी टेका दिला. माफी मागायचं मला सुचलं नाही, आणि तिनंही वाट बघितली नाही. एकेक करून बाकीच्या मुली आमच्या बाकाशी सरकल्या. परभणी यायच्या आत सगळ्या तिच्याभोवती गोळा होऊन दशम्या खात होत्या.

पूर्णा आलं. दादा फलाटावर होते. ड्यूटी संपवून, हातपाय धुऊन, केस विंचरून आम्हांला न्यायला आले होते. डबा थांबताच ते खिडकीशी आले. ‘चला, उतरा. पिशवी द्या इकडं.’

‘आमी न्हाई उतरत,’ माय म्हणाली. ‘पोरी नांदेडला पोचवायच्यात. हिच्या मायच्या हातात हिला द्यायची हाय. मागच्या गाडीनं येते.’

दादांनी आत बघितलं. मायच्या मांडीवरचा तो पाय बघितला, तिच्या खांद्याला डोकं टेकून झोपलेली एक मुलगी बघितली, मला बघितलं. आपलं स्टेशन, आपलं घर समोर असताना बायको गाडीतून उतरत नाही, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते वळले आणि पळत सुटले. मला वाटलं रागावले. ते फलाटावरच्या गाड्यावरून केळी घेऊन आले, दोन फण्या, आणि गजांतून एकेक आत द्यायला लागले. त्यांच्या हाताला वंगणाचा वास होता. पाचवं-सहावं केळ देत असतानाच शिट्टी झाली. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चालायला लागले, उरलेली फणी आत ढकलली, आणि जन्मभर मायला ‘ए’ आणि ‘तू’ म्हणत आलेले माझे दादा फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

‘मॅनेजर, पोरी नीट मोजून उतरवा तुमी!’

मायनं पदर डोक्यावर घेतला. तिचा चेहरा मला दिसला नाही, ती दुसरीकडं बघायला लागली होती. जरा वेळानं तिनं बोटानं आम्हांला मोजायला सुरुवात केली.